मॉलिक्यूल मॉडेल किट: कोव्हॅलेंटला भारी, मिठाला बेकार

पोरगी दहावीला, आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन होणारा) आणि कोव्हॅलेंट (इलेक्ट्रॉन शेअर करून होणारा) बाँडमध्ये सारखी गोंधळते म्हणून गोळे-काड्या जोडून रेणू बनवायचं हे किट ऑनलाइन मागवलं, साडेचारशेला पडलं. काळा गोळा कार्बन त्याला चार भोकं, लाल ऑक्सिजन दोन, पांढरा हायड्रोजन एक. मिथेन बनवला की तो सपाट न होता चारी बाजूंना पसरतो, १०९.५ अंशाचा कोन बरोब्बर दिसतो, आणि काडी म्हणजे दोघांनी शेअर केलेली इलेक्ट्रॉनची जोडी हे तिला लगेच कळलं. डबल बाँडच्या वाकणाऱ्या काड्या जरा कडक आहेत, एक तर पहिल्याच दिवशी मोडली.

पण मिठाचं काय केलंय यांनी! पुस्तिकेत सोडियमला एक काडी लावून क्लोरीन जोडलाय, झालं मीठ. अहो तिथे शेअरिंग नाहीच ना, सोडियम इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, मग प्लस मायनसची ओढ, आणि ती सगळ्या बाजूंनी, एका सोडियमभोवती सहा क्लोराइड (म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतलेले क्लोरीन). म्हणून तर मीठ वितळायला ८०१ डिग्री लागतात, साखर कढईतच पाघळते.

शेवटी फरक दाखवायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दोन वाट्यांत घेतलं, एकीत साखर, एकीत मीठ, नऊ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी जोडला. साखरेच्या पाण्यात ढिम्म, मिठाच्यात लागला की लगेच, ते प्लस-मायनसवाले कण करंट नेतात ना, वर तारेपाशी बुडबुडे! पोरगी म्हणे बाबा किट कशाला आणलं मग. तीन स्टार, तेही मिथेनसाठी.