जप्तीचं वॉरंट आलंय: एकरकमी तडजोड करावी की हप्ते मागावेत?

दारात उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारा, कागद कोणाचा आहे? ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, कर्ज थकलं की तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात आणि धास्तावलेल्या घराला ती सगळी सारखीच वाटतात. बँकेचा वसुली एजंट पैसे मागू शकतो, घरातली वस्तू उचलायचा त्याला काडीचाही अधिकार नाही. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायलाही रिझर्व्ह बँकेने त्याला मनाई केली आहे. पतसंस्थेचा वसुली अधिकारी मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला घेऊन आला असेल, तर त्याला जप्ती करता येते. बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा कर्मचारी, येतो तो दिवाणी न्यायालयाचं वॉरंट घेऊन. त्यावर दरखास्तीचा (निकालाप्रमाणे वसुली करून मागणाऱ्या अर्जाचा) क्रमांक, रक्कम आणि न्यायालयाचा शिक्का असतो. तो क्रमांक लिहून घ्या, पुढचं सगळं त्यावरच चालतं. (फ्लॅटच गहाण असेल तर बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा लागतो: ६० दिवसांची नोटीस, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज. तो रस्ताच वेगळा.)

बेलिफाशी भांडू नका, त्याला कोंडूही नका. तो न्यायालयाचा हुकूम बजावतोय. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. तो पंच बोलावतो, बहुधा त्याच मजल्यावरचे शेजारी, आणि हॉलपासून लिहायला लागतो: टीव्ही, कोणत्या कंपनीचा, किती इंची, अंदाजे किंमत. मग फ्रिज, सोफा. लोक इथे लाजेने आतल्या खोलीत जाऊन बसतात. तसं करू नका, यादी होत असताना शेजारी उभे राहा. टीव्ही कमावत्या मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेला असेल तर बिल दाखवा आणि पंचनाम्यात तसं लिहायला सांगा. नंतर त्या मुलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८खाली न्यायालयात स्वतः हरकत घेता येते.

काही गोष्टींना हात लावता येत नाही. संहितेच्या कलम ६०मध्ये ही यादी आहे: अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्री अंगावरून उतरवत नाही तो दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, आणि कारागिराची हत्यारं. कळव्यात घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं शिलाई मशीन या शेवटच्या प्रकारात येतं. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याचे पैसेही सुरक्षित आहेत.

पगाराचा हिशेब नीट समजून घ्या, कारण तडजोड की हप्ते याचं उत्तर बऱ्याचदा त्यातच असतं. पोटगीचा हुकूमनामा (न्यायालयाने निकालात दिलेला आदेश) सोडला तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. महाप्यातल्या कंपनीत ४० हजार पगार असेल, तर १,००० बाजूला ठेवून ३९ हजारांतले २६ हजार सुरक्षित. जास्तीत जास्त १३ हजार कापले जातील. तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. म्हणजे पगारातून धनकोच्या (कर्ज देणाऱ्याच्या) हाती जास्तीत जास्त ३ लाख १२ हजार. त्याला तुमच्या दुसऱ्या मालमत्तेवर जाता येतं हे खरं, पण जिथे दुसरी मालमत्ताच नाही तिथे बोलणी या आकड्यापासून सुरू व्हायला हवीत.

आता एकरकमी तडजोड. समजा, हुकूमनामा ६ लाखांचा आहे आणि बँक साडेतीन लाखांत मिटवायला तयार आहे. दिसायला हे छान आहे, आणि पैसे खरंच हाताशी असतील, गावची जमीन विकून आलेले किंवा भावाने बिनव्याजी दिलेले, तर मी हाच मार्ग घ्यायला सांगेन. डोक्यावरचं व्याज एका दिवसात थांबतं. पण साडेतीन लाख उभे करायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढणार असाल तर कृपा करून करू नका. सहा महिन्यांत दारात दुसरा माणूस उभा असेल. सिबिलच्या नोंदीतही खातं ‘सेटल्ड’ दिसतं, पूर्ण फेडलेलं नाही, आणि पुढे घरकर्ज मागताना ते आडवं येतं.

यात सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. न्यायालयाबाहेर भरलेल्या पैशाची नोंद दरखास्तीत झाली नाही, तर ते पैसे वॉरंट काढणाऱ्या न्यायालयाच्या लेखी भरलेलेच नसतात. म्हणून आधी लेटरहेडवर पत्र, मग बँकेतून भरणा, आणि ३० दिवसांच्या आत दरखास्तीत नोंद करून घेण्याचा अर्ज. ‘साहेब म्हणाले, आता सगळं मिटलं’ यावर विसंबू नका.

हप्त्यांचं गणित उलटं आहे. घर चालवता चालवता फेडता येतं, सामान घरात राहतं. पण हुकूमनामा झाल्यावर हप्ते पाडून घ्यायला धनकोची संमती लागते, न्यायाधीश आपल्या मनाने ते देत नाहीत. दावा चालू असतानाच मागितले असते तर न्यायालयाला स्वतःच्या अधिकारात देता आले असते. म्हणून समन्स आल्यावर गैरहजर राहणं महागात पडतं. व्याज चालू राहतं आणि हप्ता चुकला की तीच दरखास्त पुन्हा पुढे सरकते. माझं मत: पगार नियमित असेल आणि गंगाजळी नसेल तर हप्तेच मागा, पण झेपेल तेवढाच आकडा बोला. १३ हजार कायद्याने कापले जाऊ शकतात म्हणून १३ हजार कबूल करायचे असं नाही, घरात शाळेची फीही आहे.

तिसरा मार्ग लोक दबक्या आवाजात विचारतात: फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून ठेवू का? नको. धनकोला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर न्यायालय रद्द करू शकतं. शिवाय पैसेच नसलेल्या माणसाला केवळ त्यासाठी दिवाणी कोठडीत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये सांगितलंय. ते संरक्षण प्रामाणिक ऋणकोचं आहे. लबाडीने मालमत्ता हलवलीत तर तेच हातचं जातं. (पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.)

तडजोड असो की हप्ते, ठरलेलं लोक अदालतीत नोंदवा. दरखास्तीही तिथे ठेवता येतात. वकील परवडत नसेल तर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. वॉरंट कोणत्या न्यायालयाचं आहे तेही आधी पाहा: वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-कामोठे रायगडमध्ये, त्यामुळे बेलापूरच्या कोर्टात जायचं ते लोक पनवेलला आणि पनवेलचे बेलापूरला जातात, आणि तारीख निघून जाते. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. सही करण्याआधी एकूण रक्कम, तारखा आणि एखादा हप्ता चुकला तर काय होणार हे मोठ्याने वाचून घ्या, नाही समजलं तर पुन्हा वाचायला सांगा.