ट्रिटियमच्या नावाखाली रंग विकला: पिस्तुलाच्या नाइट साईटचा अनुभव

पिस्तुलाला अंधारात चमकणारी साईट, म्हणजे नेम धरायची खूण, बसवायच्या नादात एकूण २९,२५० रुपये गेले. त्यात बिघडवलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, दुरुस्त करायला वर ७,८०० लागले. म्हणजे ३७,०५०. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे पहिल्यांदा तेच विचारतात आणि ऐकल्यावर तेच ते हसू येतं. ‘परवानाधारक माणूस तुम्ही, तुम्हीही?’

ज्यांना हौस वाटते त्यांच्यासाठी सांगतो. आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. शेतीची लाइट रात्रीची असली की मोटार चालू करायला विहिरीवर रात्रीच जावं लागतं. आजूबाजूला ऊस, उसात बिबट्या. (बिबट्यावर पिस्तूल काढायचं नसतं, एवढा कायदा मलाही कळतो. भीती माणसांची आहे. मळ्यातल्या एकट्या घरांवर काय होतं ते नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.) वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर चढलेलं ३२ बोअरचं जुनं विलायती पिस्तूल आहे. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. त्याची काळी साईट काळोखात दिसतच नाही, आणि माझी साठी आता जवळ आलीय.

खरी ट्रिटियम साईट म्हणजे काय, हे मी वाचलं होतं. काचेची बारीक नळी, आत ट्रिटियम वायू, नळीला आतून फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या द्रव्याचा, लेप. वायूतून निघणाऱ्या बीटा कणांनी लेप सतत उजळत राहतो. बॅटरी लागत नाही, उजेड दाखवावा लागत नाही. ट्रिटियमचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, म्हणजे बारा वर्षांनी उजेड साधारण निम्मा होतो. विकणाऱ्याच्या रीलमध्ये ‘ओरिजनल अमेरिकन ट्रिटियम, १२ वर्षं गॅरंटी’ असंच होतं. ज्याने काहीच वाचलेलं नाही त्याला या बारा वर्षांचं काही वाटलं नसतं. मी वाचलेलं होतं, म्हणून मला ते पटलं. हा माणूस अडाण्यांना गाठत नाही, अर्धवट माहिती असलेल्यांना गाठतो.

५,००० बुकिंग, यूपीआयने. मग ‘माल मुंबईत आला दादा, बाकी टाका’, १६,५००. मग कस्टमचे ३,७५०. पुढची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, ती उगाळत नाही. फक्त एक: कस्टमचे पैसे कधीही कोणाच्या खासगी यूपीआय खात्यावर भरायचे नसतात. बिल मिळालं, त्यावर ‘बाइक ॲक्सेसरी सेट’. विचारलं तर म्हणाला, ‘कुरिअरवाले अडवतात ना दादा, म्हणून तसं लिहावं लागतं.’ मला ते खरं वाटलं, कारण ट्रिटियम किरणोत्सर्गी आहे, त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण असतं, आणि असा माल उघड नावाने येणार नाही हे माझंच गणित होतं. मालाचं खरं नाव ज्या बिलावर नाही, ते ग्राहक आयोगात घेऊन जाऊन बघा काय होतं.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

पाथर्डी फाट्याकडे एका फ्लॅटमध्ये त्याने बसवून द्यायला बोलावलं. टेबलावर हिरवं कापड, चांगली डबी, डबीत साईट. तो म्हणाला, ‘आधी फिनिश बघा’, आणि मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरून अर्धा मिनिट एकेक ठिपका दाखवत राहिला. मग खोलीतला दिवा बंद केला. तिन्ही ठिपके असे पेटले की त्याच्या बोटांची नखं हिरवी दिसली.

इथे कळायला हवं होतं. टॉर्च कशाला? ट्रिटियमला टॉर्च दाखवायची गरजच नसते. आणि ते एवढं भडक पेटत नाही. खऱ्या ट्रिटियमचा उजेड मंद असतो, उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्यांना तो लगेच नीट दिसतही नाही, डोळे सरावल्यावर ठिपके हळूहळू उमटतात. मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या चांदण्यांसारखं जे भपकन पेटतं, तो उजेड पिऊन परत सोडणारा रंग असतो, आणि तो काही वेळात मावळतो. हे सगळं मला माहीत होतं! पण समोर माणूस गोड बोलत असताना, २५,२५० आधीच गेलेले असताना, खोलीत काळोख केल्यावर कोण वाद घालतं? तुम्ही घातला असता तर तुम्हाला नमस्कार. साईट घेताना ती आदल्या रात्रीपासून बंद कपाटात ठेवलेली असावी, आणि कपाट अंधारातच उघडावं. विकणारा याला तयार नसेल तर उठून चालू लागा.

बसवण्याचे ४,००० रोख. मी पिस्तूल त्याच्या हाती दिलं नाही. बाकी सगळं घरी कुलपात ठेवून फक्त स्लाइड नेली होती. त्याने जुनी साईट लोखंडी पंच लावून हातोडीने ठोकून काढली. नवीही तशीच ठोकून बघितली, खाचेत बसेना. अशा वेळी साईटचा तळ किंचित घासायचा असतो, स्लाइडची खाच कधीच नाही, कारण साईट नवी मिळते, खाच मिळत नाही. याने कानस घेतली ती थेट खाचेवर. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत खाच सैल झाली होती. मग गोंदासारखं काहीतरी ओतून चिकटवली. खरी ट्रिटियम साईट पुशर नावाचं दाबून ढकलायचं साधन लावून सरळ सरकवतात, हातोडीने ठोकली तर आतली काच फुटू शकते. जो हातोडीने ठोकतोय त्याला आत काच नाही हे माहीत असतं, हेही मला नंतर सुचलं.

त्या रात्री अकराच्या आत तिन्ही ठिपके विझले. काही दिवसांत मागची साईट हाताने हलू लागली. फोन बंद, खातं गायब.

परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने भिंगाखाली साईट धरली आणि नखाने ठिपका उचकटून काढला. खाली नुसती खोबण, नळीबिळी काही नाही. पुढची साईटही गरजेपेक्षा उंच होती, म्हणजे गोळी खाली लागली असती. मग त्याने जे सांगितलं ते मला आधी कोणी सांगायला हवं होतं: ‘काका, ही साईट पिस्तूल कुठे रोखलंय ते दाखवते. समोर कोण आहे ते दाखवत नाही. विहिरीवर जाताना आधी चांगली बॅटरी घ्या.’

आता साहेब लोकांचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या करायची असते, तोवर खात्यातली रक्कम गोठवता येते. माझा वेळ आधीच निघून गेला होता. सायबरवाले म्हणाले, माल हातात मिळालाय, माणूस भेटलाय, हे आमचं नाही, ठाण्यात जा. ठाण्यातले म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. तिसऱ्याने हद्द काढली: राहता मळ्यात, फ्लॅट शहरात. झीरो एफआयआर कशासाठी आहे मग? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर घ्यायची. मी कलम म्हटलं तसा आवाज बदलला. ‘स्लाइड कोणाला दिली होती? त्याच्याकडे परवाना होता? शस्त्र कायद्यात सुटा भागसुद्धा शस्त्रच असतो, काका. दुरुस्तीलाही परवाना लागतो. आधी तुमच्यावरच बघावं लागेल.’

बरोबर! याच भरवशावर तो माणूस धंदा करतो. परवान्याच्या नूतनीकरणाला पोलिसांचा अहवाल लागतो, म्हणून परवानावाला तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि ठाण्यात बसलेला माणूस त्याचं काम फुकटात पूर्ण करतो. न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे म्हणे. आधी कागदावर घ्याल तेव्हा ना.

यावर कळस म्हणजे दुसऱ्या नावाने त्याची नवी रील आली आहे, आणि त्यात हिरवे ठिपके चमकतायत ते माझ्याच स्लाइडवर. डावीकडे पंच घसरल्याचा ओरखडा आहे, तो मी झोपेतही ओळखेन. रील दाखवली तर हवालदार म्हणतो, ‘नंबर कुठे दिसतोय? तुमचीच कशावरून?’ भाव आता २४,००० केलाय.

ठाण्यात घेत नाहीत म्हणून तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवली आहे, तशी सोय त्या कलम १७३ मध्येच आहे. पोस्टाची पावती आणि पोचपावती दोन्ही जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, रील दिसली की तेव्हाच उतरवून घ्या, कारण ती उद्या नसते. आणि स्लाइड असो की नुसता स्क्रू, परवाना नसलेल्याच्या टेबलावर ठेवू नका. मला आलेलं उत्तर एका ओळीचं आहे: ‘अर्ज चौकशीकामी वर्ग करण्यात आला आहे.’ ज्या ठाण्याकडे वर्ग केलाय, त्यांनीच मला परत पाठवलं होतं.