मुंबईहून गोवा: दाबोळी की मोपा?

मावसबहिणीचा फोन आला, “लग्न मडगावला आहे, मोपाचं तिकीट आठशे रुपयांनी स्वस्त दिसतंय. घेऊ का?” मी म्हटलं, थांब जरा. गोव्यात विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा.

आधी हवेतलं अंतर. मुंबई ते दाबोळी सरळ रेषेत साधारण ४२५ किलोमीटर, मोपा ३८५. मोपा उत्तरेला, पेडणे तालुक्यात, म्हणून जवळ. पण हे ४० किलोमीटर विमान तीन-चार मिनिटांत कापतं. वेळापत्रकात दोन्हीकडे सव्वा तासाच्या आसपासच वेळ लिहिलेली असते. त्यातही बराचसा धावपट्टीकडे जाण्यात आणि रांगेत जातो. तेव्हा उड्डाणाचा वेळ बघून ठरवूच नका.

खरा हिशोब उतरल्यावर. दाबोळीहून मडगाव पंचवीसेक किलोमीटर, वास्को तर हाकेच्या अंतरावर. मोपाहून मडगाव साठ-पासष्ट. वाचलेले आठशे टॅक्सीवाल्याच्या खिशात, वर बॅगा आणि आत्या सांभाळत दीड तास.

दाबोळी नौदलाचा तळ. सरावासाठी सकाळी काही तास नागरी विमानांना वेळ मिळत नाही, त्यामुळे वेळा अडचणीच्या. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू, तिथे ही कटकट नाही.

पणजीला जाणाऱ्याने भाडं आणि वेळ बघून घ्यावं, अंतरात फारसा फरक नाही. हरमल, मोरजी किंवा सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे निघालेल्याने डोळे झाकून मोपा. वास्को, मडगाव, काणकोण असेल तर दाबोळीच.

बहिणीने दाबोळीचं काढलं.