कोल्डहार्बर मिल, अफकम: इंजिनाचा दिवस गाठून जा

डेव्हनमधल्या अफकम गावातली ही लोकरीची गिरणी पाहायला निघण्याआधी एकच काम करा: वाफेचं इंजिन कोणत्या दिवशी चालवणार आहेत ते विचारून घ्या. असे दिवस वर्षात मोजकेच असतात. पोलिट अँड विगझेल कंपनीचं 1910 सालचं 300 अश्वशक्तीचं इंजिन थंड असताना नुसतं चकचकीत यंत्र वाटतं. चालू झालं की मग कळतं, एका सिलिंडरमध्ये जास्त दाबाने काम करून झालेली वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये जाऊन पुन्हा कामाला लागते आणि अजस्र चाकावरचे दोर ती ताकद वरच्या मजल्यांवर नेतात.

थॉमस फॉक्सने 1797 मध्ये ही जागा घेतली. त्याला हवं होतं ते कल्म नदीचं पाणी. पाण्याचं चाक 18 फूट व्यासाचं आहे, आणि इंजिन आल्यावरही ते मोडीत निघालं नाही. गिरणी 1981 मध्ये बंद पडली, पुढच्याच वर्षी संग्रहालय म्हणून उघडली. मधे फार काळ गेला नाही, म्हणून यंत्रं भंगारात गेली नाहीत. हे मोठं भाग्यच.

सर्वांत जास्त वेळ वर्स्टेड सुताच्या यंत्रांपाशी द्या. आपल्या घोंगडीची लोकर आखूड आणि राठ, ती पिंजून कातली जाते. तंतू आडवेतिडवे राहतात. वर्स्टेडला लांब तंतू लागतो आणि तो विंचरून समांतर केलेला असतो, म्हणून कापड गुळगुळीत आणि घट्ट होतं. यंत्रात आठ पेळू (तंतूंच्या सैल, पीळ नसलेल्या लांब वळ्या) एकत्र घालून आठपट ताणले, तर बाहेर पडणारा पेळू मूळच्याच जाडीचा असतो, पण एकाचा जाड भाग दुसऱ्याच्या बारीक भागाशी जुळून तो एकसारखा होतो. हेच पुन्हा पुन्हा केलं जातं. पुढे मात्र एकत्र घातलेल्या पेळूंच्या मानाने ताण जास्त ठेवतात, त्यामुळे पेळू बारीक होत जातो आणि शेवटी चातीवर त्याला पीळ बसतो.

पेळू पकडून ताणणाऱ्या रुळांच्या दोन जोड्यांमधलं अंतर नीट पाहा, सगळी मेख तिथेच आहे. अंतर तंतूच्या लांबीपेक्षा कमी झालं तर तंतू तुटतात. फार वाढलं तर आखूड तंतू कुठल्याच रुळाच्या पकडीत राहत नाहीत आणि सुतात गाठीसारखे जाड भाग येतात. हवा कोरडी असली की स्थिर विजेमुळे तंतू एकमेकांपासून फाकतात. लोकर कातणाऱ्या गिरण्यांना दमट हवा का आवडते, ते यावरून समजेल.

मराठी माणसाने इथली पायपट्टी, म्हणजे सैनिक पायाला गुंडाळत ती लांब कापडी पट्टी, जरूर पाहावी. इंग्रजीतला 'पटी' हा शब्द आपल्या 'पट्टी'चाच, आणि फॉक्स कुटुंबाच्या कंपनीने अशा पट्ट्या मोठ्या प्रमाणावर विणल्या. पायदळात ती घोट्यापासून गुडघ्याकडे गुंडाळत, घोडदळात वरून खाली. घट्ट बांधलेली पट्टी भिजून आवळली की पायाचा रक्तप्रवाह अडे. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत सैनिकांना हा त्रास फार झाला.

दुकानातून सूत घ्यायचं असेल तर एक टोक घेऊन पीळ उलगडा. तंतू लांब आणि समांतर निघाले तर ते वर्स्टेड: टाका स्पष्ट दिसेल, गोळे कमी धरतील. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, आणि चोळू नका. लोकरीच्या तंतूवर खवले असतात; उष्णता, ओल आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर कायमचा आटतो. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवाच वाळवा.

कानांना जपा, आवाज मोठा असतो. सैल ओढणी किंवा मफलर बॅगेत ठेवा. रेल्वेने जाणाऱ्यांना टिव्हर्टन पार्कवे स्टेशन जवळचं.