गॅरेजवरची खोली आणि माझे 3,24,200 रुपये

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत माझ्या शाळेतील एका सहकाऱ्याने मोबाईलवर मला एक चित्र दाखवले. गॅरेजवर बांधायच्या खोलीचे ते थ्रीडी चित्र होते: उतरते पांढरे छत, भिंतीत उभा दुमडून ठेवता येणारा पलंग, खिडकीजवळ लांब बैठक आणि कोपऱ्यात छोटा ओटा. ते पाहताच हातातला डबा मी खाली ठेवला, कारण हेच चित्र माझ्या घरातल्या कपाटात लॅमिनेट केलेले पडून आहे आणि त्याच्या मागे माझे 3,24,200 रुपये गेलेले आहेत. ते चित्र देणाऱ्या, स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणाऱ्या त्याच माणसाला सहकाऱ्याने तोवर जागा पाहण्याचे म्हणून 2,500 रुपये भरलेही होते. तक्रारीची ठिकाणे सोडली तर मी सहा महिने हा प्रकार घराबाहेर कोणाला कळू दिला नव्हता. रोज मुलांना गणित शिकवणारा माणूस हिशेबात फसला, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. पण माझ्या गप्प बसण्याचे पैसे दुसऱ्याच्या खिशातून जायला लागले, म्हणून सगळे लिहीत आहे.

ही खोली आम्हाला हौसेसाठी नको होती. आमचे घर सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला थोड्या उंचावर आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले (तिथली धोका पातळी 45 फूट आहे), तेव्हा गावभागातील (सांगलीच्या जुन्या वस्तीतील) माझ्या आत्याचे सबंध कुटुंब आमच्याकडे राहायला आले. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झाले. सात माणसे हॉलमध्ये आणि संडास एक. त्यात आत्याला गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठता येत नव्हते. तेव्हाच मी आणि पत्नीने ठरवले की गॅरेजवर एक खोली काढायची, जिथे एरवी मुलगी अभ्यास करील, सणाला सगळे एकत्र बसतील आणि पाणी चढले की आत्याची माणसे हक्काने राहतील. गॅरेज 12 बाय 20 फुटांचे, म्हणजे 240 चौरस फुटांचे आहे. 2004 साली बांधलेल्या नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे, एवढेच ते बांधकाम होते.

हे काम घेणारा तो माणूस मला रस्त्यात भेटलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. माझ्या साडूंच्या ओळखीतून तो आला होता आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराचे फर्निचर त्याने खरोखरच केलेले होते. मी ते जाऊन पाहिले होते आणि ते चांगले होते. फर्निचर करणारा माणूस इमारतीचे डिझाइन करू शकतो असे मी गृहीत धरले, ही चूक माझी आहे. पण त्याच्या कार्डावर नावाखाली ‘आर्किटेक्ट’ असे छापले होते आणि छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणे हा काही गुन्हा नाही. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट 1972 प्रमाणे वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधा. मला हे आता कळले आहे.

19 जानेवारी 2025 रोजी, रविवारी, तो जागा पाहायला आला आणि 2,500 रुपये घेऊन गेला. 3 फेब्रुवारीला डिझाइनचे 18,000 घेतले आणि चार दिवसांनी ते चित्र आणून दिले. या भेटीच्या आठवणीने मला अजूनही रात्री जाग येते. चित्र टेबलावर ठेवले होते आणि पत्नी चहा घेऊन आली. तिने चित्राकडे पाहून विचारले, “अहो, ह्या खिडकीखाली हे पांढरं काय आहे? आणि पंखा कुठं दिसत नाही?” खिडकीखाली भिंतीला उभ्या पट्ट्यांचे एक लोखंडी उपकरण बसवलेले होते. तो म्हणाला, “वहिनी, ती डेकोरेटिव्ह ग्रिल आहे, नको असली तर काढू. पंखे फायनल ड्रॉइंगमध्ये येतात.” मी पत्नीला म्हटले, “त्यांना त्यांचं काम करू दे.” हे वाक्य मी बोललो. थंड देशांत खोली गरम ठेवण्यासाठी भिंतीतल्या अशा उपकरणातून गरम पाणी खेळवतात, हे मला पुढे जर्मनीत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि माझ्या खोलीच्या चित्रात खोली तापवायची सोय होती, पंखा मात्र नव्हता. छत उतरते होते, आमचे बोलणे सपाट स्लॅबचे झाले होते. खिडकीबाहेर थंड प्रदेशातली सूचिपर्णी झाडे दिसत होती. कोणा परक्या घराचे चित्र इंटरनेटवरून उचलून त्याने खाली माझे नाव टाकले होते. ते सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि ते फक्त पत्नीने पाहिले.

चित्र म्हणजे नकाशा नव्हे. त्या कागदावर एकही माप नव्हते, जिना कुठून चढणार हे नव्हते, संडासाचा पाइप कुठे उतरणार हे नव्हते. मी विचारले तेव्हा ‘वर्किंग ड्रॉइंग’ परवानगीनंतर निघते, असे उत्तर मिळाले.

20 फेब्रुवारीला बांधकाम परवानगीचे ‘सरकारी चलन’ म्हणून त्याने 46,200 रुपये मागितले आणि मी ते त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर पाठवले. दोन दिवसांनी कार्यालयाच्या नावाची, शिक्का असलेली पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली. शिक्का इतका स्वच्छ होता की मी निश्चिंत झालो. सरकारी शुल्क खासगी माणसाच्या खात्यात कधीही जात नाही, हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल आणि मलाही ठाऊक होते. पण ‘ऑनलाइन अर्ज माझ्या लॉगिनमधून भरायचा असतो’ असे त्याने सांगितले आणि आर्किटेक्टमार्फतच अर्ज जातो हे अर्धे खरे असल्यामुळे उरलेले अर्धे खोटे त्यात खपून गेले. अर्जाचा क्रमांक मागून घ्या आणि कार्यालयात जाऊन तो तपासा, त्याला एक सकाळ पुरते.

2 एप्रिलला पोलादाचे दर वाढणार असल्याचे सांगून त्याने तीन टन सळईचे 1,85,000 रुपये घेतले: किलोला 60 रुपयांनी 1,80,000 आणि गाडीभाडे 5,000. हा हिशेब मी वहीत मांडला, गुणाकार बरोबर आला आणि त्यातच मी समाधान मानले. गुणाकार बरोबर होता, पण तीन टन कशासाठी, हा प्रश्न मी विचारला नाही. पुढे ज्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना मी 9,500 रुपये देऊन बोलावले, त्यांनी 240 चौरस फुटांच्या एका खोलीला कॉलम आणि पाया धरूनही सव्वा ते दीड टनाच्या पलीकडे सळई लागायला नको, असे उभ्या उभ्या सांगितले. पोलादावर 18 टक्के जीएसटी असतो आणि त्याने दिलेल्या सळईच्या पावतीत तो लावलेलाच नव्हता. जीएसटी क्रमांक मात्र छापला होता. तो क्रमांक 15 अंकाक्षरांचा असतो आणि माझ्या पावतीवर 14 होती. दुकानदाराच्या खात्यात थेट पैसे द्या, मधल्या माणसाच्या नाही. 11 एप्रिलला दुमडणाऱ्या पलंगाच्या यंत्रणेसाठी आणि बैठकीखालच्या खणांसाठी 72,500 रुपये गेले. पाया खणण्यापूर्वी पलंगाचे पैसे कसे मागतो, हे त्या दिवशी मुलीने विचारले होते. त्याने त्यावर ‘आयात केलेला माल आहे, तीन महिने लागतात’ असे सांगितले आणि मी मुलीलाच गप्प केले.

28 एप्रिलला चार मजूर आले, त्यांनी गॅरेजचे पत्रे उतरवले, त्यातले सहा फोडले आणि संध्याकाळी निघून गेले. त्यानंतर कोणी आले नाही. फोनवर आधी लग्न होते, मग आजारपण होते, मग गवंडी गावी गेला होता. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच लागला आणि उघड्या गॅरेजमध्ये गाडी, मुलीची जुनी पुस्तके आणि धान्याच्या दोन कोठ्या भिजल्या. नवे पत्रे घालायला मला 38,400 रुपये लागले. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

इंजिनिअरनी जे सांगितले ते इथे लिहितो, कारण माझ्या 18,000 रुपयांत मला हेच मिळायला हवे होते. आमच्या भागातली जमीन काळी आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे वरच्या मजल्याचा भार जुन्या विटांच्या भिंतींवर टाकता येत नाही. गॅरेजच्या बाहेरून स्वतंत्र कॉलम, त्यांना मुरमापर्यंत नेलेला पाया आणि त्यावर बीम-स्लॅब, असेच ते करावे लागते. माझ्या वडिलांनी 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप पाहिला आहे. ते ऐकून ते म्हणाले, “त्या भिंतींवर खोली चढली असती तर मी तिथं कोणाला झोपू दिलं नसतं.” वर संडास हवा असेल तर तो घराच्या जुन्या ड्रेनेज लाइनच्या बाजूला घ्यावा लागतो, नाहीतर पाइपला उतार मिळत नाही. गाडीचा धूर वर येऊ नये म्हणून गॅरेजमधून थेट खोलीत उघडणारे दार किंवा जिन्याची पोकळी ठेवायची नसते. राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर धरतात. पश्चिमेची भिंत तापते, म्हणून झोपायची बाजू तिकडे घ्यायची नाही. पाहुण्यांत गुडघेदुखीचे कोणी असेल तर जिन्याच्या पायऱ्या कमी उंचीच्या हव्यात. आत्यासाठी खोली बांधायला निघालेल्या मला जिन्याचा विचार कोणी करायला लावला नव्हता, आणि मीही केला नव्हता.

आता पोलीस ठाण्याचे सांगतो. 4 जूनला मी पहिल्यांदा गेलो. तिथे सांगण्यात आले की त्याचे दुकान दुसऱ्या गावी आहे, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा पोलीस थेट तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती नोंदवता येते, हे मी कागदावर लिहून नेले, तेव्हा तो कागद न वाचता परत देण्यात आला. दुसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला होते. तिसऱ्या वेळी दोन तास बसवून सांगण्यात आले, “तुम्ही तुमच्या हातानं पैसे दिलेत, त्यानं पत्रेही उतरवलेत, म्हणजे काम सुरू केलंय. ही दिवाणी बाब आहे, वकील बघा.” पत्रे उतरवण्याचे एका दिवसाचे काम हा त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा झाला! सरकारी कार्यालयाच्या नावाने बनावट पावती करणे ही दिवाणी बाब कशी, या माझ्या प्रश्नावर अधिकाऱ्यांनी मला शाळेत काय शिकवता असे विचारले आणि मी गणित म्हटल्यावर बाकीचे हसले. तो हसण्याचा आवाज मी विसरणार नाही. चौथ्या वेळी तक्रार अर्जाची पोच मिळाली, गुन्हा नोंदवला गेला नाही. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, तसे मी कळवले आहे. आपल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय कोणत्याही ठाण्यातून उठू नका.

दरम्यान त्याने मला 1,00,000 रुपयांचा चेक दिला, तो 12 जूनला अपुऱ्या शिलकीमुळे परत आला. ‘पुढच्या महिन्यात भरा’ असे म्हणत त्याने 30 दिवस काढले, कारण बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली नाही तर तो चेक परत आल्याचा उपयोग होत नाही, हे त्याला माहीत होते आणि मला नव्हते. वकिलांनी चेकची तीन महिन्यांची मुदत संपण्याआधी तो पुन्हा भरायला लावला आणि दुसऱ्या वेळी परत येताच नोटीस पाठवली, म्हणून चेक न वटल्याचा खटला भरण्याचा हक्क वाचला. ग्राहक आयोगातही मी तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. माझ्यासारखे लाजेने महिने घालवू नका.

सगळ्यात जास्त संताप मला परवानगीच्या कार्यालयाचा येतो. तिथे माझ्या नावाचा अर्जच नव्हता, हे कळायला मला तीन खिडक्या आणि सहा दिवस लागले. बनावट शिक्का त्यांच्या कार्यालयाचा होता, तेव्हा तक्रार त्यांनी करायला हवी होती. पण ‘आमचा संबंध नाही’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले आणि ऑगस्टमध्ये त्याच कार्यालयाची नोटीस माझ्या दाराला चिकटली की विनापरवाना बांधकाम का सुरू केले याचा 15 दिवसांत खुलासा करावा. बांधकाम म्हणजे उतरवलेले पत्रे. मी खुलासा लिहिला, त्याला 46,200 रुपयांच्या त्या पावतीची प्रत जोडली आणि स्वतः घेऊन गेलो. कारकुनाने पावती उलटसुलट पाहिली, ही आमच्या कार्यालयाची नाही म्हणून जोडपत्र म्हणून घेता येणार नाही, असे सांगितले आणि ती काढून टाकून खुलासा द्यायला सांगितले. मी ती काढली नाही. सगळे कागद एकत्र स्पीड पोस्टाने पाठवले, त्याची पोच माझ्याकडे आहे, आणि तीच पावती काल मी सहकाऱ्यालाही काढून दिली.