बेल्ट, जाळी की कठडा: पाच मजली साइटवर आधी खर्च कशावर?

लहान बिल्डरच्या साइटवर सुरक्षेचा विषय निघाला की मुकादमाचं उत्तर ठरलेलं: "साहेब, दहा बेल्ट मागवा." मागवा जरूर, पण आधी दोरी मोजा.

लॅनयार्ड, म्हणजे बेल्टला हुकाशी जोडणारी दोरी, साधारण १.८ मीटरचा. झटका बसला की त्यातला शॉक ॲब्झॉर्बर (झटका शोषणारी शिवलेली पट्टी) उसवतो आणि दोरी आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर, शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे हुकाखाली सहा मीटर मोकळी जागा हवी. पहिला स्लॅब जमिनीपासून तीन मीटरवर असतो. तिथे हुक पायाशी अडकवला, तर दोरी ताणायच्या आधीच माणसाचे पाय जमिनीला लागलेले असतात. हुक डोक्यावर असेल तर गणित बरंच सुधारतं. पण तो कशात अडकवणार? अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा नियम अँकरसाठी, म्हणजे हुक अडकवायच्या जागेसाठी, माणशी ५००० पौंड, म्हणजे २२०० किलोंहून जास्त ताकद मागतो. परांचीचा बांबू किंवा तारेने बांधलेली सळई यात बसत नाही.

म्हणून पहिला पैसा कठड्यावर. स्लॅबची कड, जिना, लिफ्टचा डक्ट: मीटरभर उंचीवर एक पाइप, मध्ये दुसरा, खाली वीतभर फळी. पाइप आणि क्लॅम्प बहुतेक साइटवर पडलेलेच असतात. शिवाय कठड्याला हुक लावायची आठवण लागत नाही. त्याचा खरा शत्रू म्हणजे माल वर घेताना पाइप काढणारा आणि तो परत न लावणारा माणूस.

जाळी डक्टमध्ये उत्तम. ती कामाच्या जागेच्या जितकी जवळ तितकी बरी. युरोपीय मानकात पडण्याची मर्यादा ६ मीटर आहे. जाळी झोळते, म्हणून खाली मोकळी जागा सोडा. ऊन आणि वेल्डिंगच्या ठिणग्या तिला खातात. आणि बाहेरून लावलेली ती हिरवी जाळी? ती धुळीसाठी. माणूस तिच्यातून आरपार जातो.

बेल्ट उरतो तो शटरिंग लावता-काढतानाच्या कडेसाठी, जिथे कठडा उभाच राहू शकत नाही. तिथे फुल बॉडी हार्नेस (खांदे-मांड्यांनाही धरणारा पट्टा), दोन हुकांचा लॅनयार्ड आणि इंजिनिअरने तपासलेली लाइफलाइन (हुक अडकवायची ताणलेली मजबूत दोरी) घ्या; कमरेचा पट्टा नको. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. ते कोण करणार आणि शिडी कुठे आहे, हे बेल्ट वाटायच्या दिवशीच ठरवा.