फोनचं अपडेट: आपोआप, स्वतःच्या हाताने, संगणकावरून की फाइल फ्लॅश करून?

"अपडेट आलंय, करू का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. उत्तर देण्याआधी मी फोन हातात घेतो आणि तीन गोष्टी बघतो: जागा किती शिल्लक आहे, बॅटरी किती आहे आणि शेवटचा बॅकअप कधीचा आहे. अपडेट करावं का, याचं उत्तर जवळजवळ नेहमीच "करा" असं असतं. ठरवायचं असतं ते कुठल्या मार्गाने आणि कधी. चार मार्ग आहेत आणि प्रत्येकात काही बिघडलं तर मागे फिरण्याची सोय वेगळी आहे. मी त्यांची तुलना मुख्यतः त्याच एका कसोटीवर करतो.

आधी नीट तपासा

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. सॅमसंगवर सेटिंग्जमध्येच सॉफ्टवेअर अपडेट नावाची ओळ असते, तर गूगलच्या पिक्सेल फोनवर ती सिस्टीमच्या आत सापडते. इथे "तुमचा फोन अद्ययावत आहे" असं दिसलं की बहुतेक जण निश्चिंत होतात. त्या वाक्याचा अर्थ एवढाच की या घडीला सर्व्हरकडे या फोनसाठी काही नाही. कंपन्या अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामुळे तुमची पाळी अजून आली नसेल. किंवा कंपनीने त्या मॉडेलची साथच सोडली असेल. दोन्ही वेळा पडद्यावर वाक्य तेच दिसतं.

फरक कळतो तो तारखेवरून. अँड्रॉइडवर "सिक्युरिटी पॅच" किंवा "सुरक्षा अपडेट" या नावाने एक तारीख दिसते. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघड झाली. खास बनवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करायला सुरुवात केली. तुमच्या फोनवरची तारीख दोन-तीन महिने जुनी असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, कारण अनेक मॉडेलना तिमाहीनेच पॅच मिळतो. तारीख वर्षभर जुनी असेल तर मात्र या फोनकडे कुणी बघत नाहीये असं समजा.

शेजारीच आणखी एक तारीख असते, "गूगल प्ले सिस्टीम अपडेट". अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, सिस्टीमचे काही भाग गूगल या वाटेने परस्पर दुरुस्त करतं. ते डाउनलोड होऊन बसतं आणि फोन बंद-चालू होईपर्यंत लागू होत नाही. महिनोन्‌महिने फोन रीस्टार्ट न करणाऱ्यांच्या फोनवर ही तारीख नेहमी मागे पडलेली सापडते.

आपोआप की हाताने

या दोन्ही मार्गांत फाइल तीच आणि येतेही तशीच, वाय-फायवरून. फरक एवढाच की "आता कर" हे कोण म्हणतं.

आपोआपचा मोठा फायदा म्हणजे ते होतं. हाताने करणारा "रात्री करू" म्हणतो आणि ती रात्र तीन आठवडे उगवत नाही. आयफोन रात्री चार्जरला आणि वाय-फायला जोडलेला असेल तर स्वतःच अपडेट होतो. अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून एक फार चांगली रचना आली. सिस्टीमसाठी दोन कप्पे ठेवायचे, एकातून फोन चालवायचा आणि दुसऱ्यात नवी सिस्टीम भरायची. घरात दोन खोल्या असाव्यात, आपण एकीत राहावं आणि दुसरीला रंग लागत असावा, तसं. काम झालं की एकदा रीस्टार्ट आणि मुक्काम दुसऱ्या खोलीत. नवी सिस्टीम सुरूच झाली नाही, तर फोन आपण होऊन जुनीवर परत येतो. पिक्सेलमध्ये हे सुरुवातीपासून आहे. सॅमसंगने मात्र ते फार उशिरा, २०२४ च्या ए५५ पासून आणलं. ज्या फोनमध्ये ही सोय नाही तो अपडेटच्या वेळी काळ्या पडद्यावर टक्के मोजत बसतो आणि तेवढा वेळ कामाचा राहत नाही. अशा फोनवर अपडेटची वेळ आपणच निवडलेली बरी, हातात तासभर असताना आणि चार्जर लावून.

ही परतीची सोय फक्त नवी सिस्टीम सुरू होईपर्यंतच असते, हे लक्षात ठेवा. एकदा ती नीट सुरू झाली आणि मग दोन दिवसांनी तुम्हाला बॅटरी पटापट उतरताना दिसली, तर फोन स्वतःहून मागे जात नाही.

हाताने करण्याचा फायदा म्हणजे थांबता येतं, आणि थांबण्याला खरोखर किंमत आहे. २४ सप्टेंबर २०१४ ला ॲपलने आयओएस ८.०.१ सोडलं. जेमतेम आठवड्याभरापूर्वी बाजारात आलेल्या आयफोन ६ आणि ६ प्लसवर त्याने मोबाइल नेटवर्क आणि बोटाच्या ठशाचं कुलूप, दोन्ही बंद पाडलं. साधारण तासाभरात ॲपलने ते मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं. घाई करणारे अडकले. संध्याकाळपर्यंत थांबलेल्यांना काही कळलंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आलं तेव्हा एकाच पिक्सेलवर अनेक युजर प्रोफाइल ठेवणाऱ्या काहींना स्वतःच्याच फोनमधल्या फाइल उघडता येईनात, काहींचे फोन थेट रिसेट झाले.

आपोआप अपडेटमध्ये निर्णय आपल्या हातून जातो, त्याचंही एक उदाहरण आहे. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए फोनना आपोआप एक अपडेट गेलं आणि त्याने काही फोनांची बॅटरी क्षमता कमी केली. गूगलने बॅटरी बदलून देण्यासह भरपाईचे पर्याय दिले. पण सकाळी उठलेल्या माणसाला आपला फोन दुपारपर्यंतही का टिकत नाही, हे आधी शोधावं लागलं.

एवढं असूनही सरसकट थांबणं मला मान्य नाही. ७ सप्टेंबर २०२३ ला आलेलं आयओएस १६.६.१ आठवा. फोनवरची हेरगिरी शोधणाऱ्या सिटिझन लॅबच्या संशोधकांनी ब्लास्टपास नावाचा हल्ला पकडला होता. नुसता संदेश येऊन पडला की फोन गेला, काही दाबायचीही गरज नव्हती. अशा अपडेटला आठवडाभर थांबवणं म्हणजे कुलूप मोडलंय हे कळूनही दार तसंच ठेवणं. ओळखायचं कसं? अपडेटबरोबर दिलेली टीप वाचा. "या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची शक्यता आहे" अशा अर्थाचं वाक्य असेल तर त्याच दिवशी करा. ॲपल आणि गूगल दोघंही हे स्पष्ट लिहितात.

म्हणून माझी पद्धत अशी: महिन्याचा छोटा सुरक्षा पॅच दोन-तीन दिवसांत, नवी मोठी आवृत्ती दोन-तीन आठवडे थांबून आणि गैरवापर सुरू असलेली त्रुटी असेल तर ताबडतोब. डाउनलोड आपोआप, इन्स्टॉल माझ्या हाताने. आयफोनवर ही दोन बटणं वेगवेगळीच आहेत. अनेक अँड्रॉइड फोनांवर हे डेव्हलपर ऑप्शन्स या एरवी लपलेल्या सेटिंगमधलं "ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स" बंद करून साधतं.

संगणकावरून

हा मार्ग लोक विसरलेत. आयओएस ५ च्या आधी, म्हणजे २०११ पर्यंत, आयफोनला दुसरा मार्गच नव्हता. आज त्याची गरज दोनच वेळा पडते, पण पडते तेव्हा फार मोलाची असते.

पहिली, जागा नसताना. माझ्या मावशीचा फोन फोटोंनी काठोकाठ भरलेला. अपडेट डाउनलोड व्हायचं आणि उलगडताना "जागा अपुरी" म्हणून थांबायचं. फोटो पुसायला ती तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं, नातीच्या जन्मापासूनचे फोटो होते ते. शेवटी केबल लावली. संगणकावर पूर्ण फाइल उतरते आणि तिथेच उलगडते, फोनला फक्त नवी सिस्टीम घ्यावी लागते. आधी बॅकअप घेतला, त्यालाच दीड तास गेला. अपडेट वीस-बावीस मिनिटांत झालं. ती पट्टी सरकेपर्यंत मावशी खुर्चीवरून उठली नाही.

दुसरी वेळ म्हणजे फोन लोगोवर अडकल्यावर. आयफोन रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या खास अवस्थेत, टाकून मॅकवर फाइंडरला किंवा विंडोजवर ॲपल डिव्हायसेस नाहीतर आयट्यून्सला जोडला की दोन बटणं दिसतात, अपडेट आणि रिस्टोअर. पहिलं बटण डेटा ठेवून सिस्टीम परत बसवतं. दुसरं सगळं पुसतं. घाबरलेला माणूस "रिस्टोअर" हा शब्द "सगळं परत मिळेल" असा वाचतो, म्हणून इथे श्वास घ्या आणि आधी अपडेट दाबा. डाउनलोडला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर फोन रिकव्हरीतून बाहेर पडतो. तो बिघाड नाही. डाउनलोड पुरं होऊ द्या आणि फोन पुन्हा रिकव्हरीत टाका.

परतीच्या बाबतीत हा मार्ग पहिल्या दोघांपेक्षा जरा बरा. नवं आयओएस आल्यावर थोडे दिवस ॲपल जुन्या आवृत्तीलाही मान्यता देत राहतं आणि तेवढ्यात संगणकावरून मागे जाता येतं. ती मुदत ॲपल आधी सांगत नाही. शिवाय नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुनीवर चढत नाही. म्हणजे मागे जायचं तर अपडेटच्या आधीचा बॅकअप हवा. मी प्रत्येकाला "आधी बॅकअप, मग अपडेट" म्हणून टोकतो ते यामुळेच.

फाइल फ्लॅश करून

सिस्टीमची फाइल आपण स्वतः आणून केबलने थेट फोनवर चढवायची, रिपेअरवाले ज्याला "सॉफ्टवेअर मारणं" म्हणतात तो हा मार्ग. यातही सौम्य आणि जहाल असे प्रकार आहेत.

सौम्य म्हणजे पिक्सेलची पूर्ण ओटीए फाइल, म्हणजे एरवी हवेतून येणारं अपडेटच, पण फाइलच्या रूपात. ती गूगलच्याच संकेतस्थळावर मिळते, संगणकावरून केबलने चढवता (साइडलोड करता) येते, बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडावं लागत नाही आणि डेटाही राहतो. आपली पाळी यायची वाट बघवत नसेल तर हा रास्त उपाय आहे. फॅक्टरी इमेज, म्हणजे फोनची संपूर्ण मूळ सिस्टीम, मात्र वेगळी. तिच्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो आणि उघडताक्षणी फोन पुसला जातो. दोन्ही फाइल एकाच ठिकाणाहून घेता येतात, त्यामुळे नाव नीट वाचा.

सॅमसंगवर ओडिन नावाचा संगणकावरचा प्रोग्राम वापरतात. त्यातल्या सीएससीच्या (प्रदेशानुसारच्या सेटिंग्जच्या) रकान्यात सीएससी फाइल टाकली तर फोन पुसतो, होम सीएससी टाकली तर डेटा राहतो. एका शब्दाचा फरक. जुनी आवृत्ती टाकायची असेल तर बिल्ड नंबरचं, म्हणजे त्या आवृत्तीच्या सांकेतिक क्रमांकाचं, शेवटून पाचवं अक्षर बघा. फोनवर आहे त्यापेक्षा ते कमी असेल तर फोन ती फाइल घेणारच नाही. पिक्सेल ६ चंही असंच झालं: ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ चढवलं की १२ चा रस्ता बंद. म्हणजे "फ्लॅश करून कधीही मागे जाता येतं" हा समज आता फारसा खरा नाही.

जहाल प्रकार शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये दिसतो. तिथे "क्लीन ऑल अँड लॉक" (सगळं पुसा आणि बूटलोडरला कुलूप लावा) हा पर्याय आधीच निवडलेला असतो. दुसऱ्या प्रदेशासाठी बनलेल्या फोनवर चुकीच्या प्रदेशाचा रॉम (सिस्टीमची फाइल) टाकून तो तसाच दाबला, तर फोन डेड होऊ शकतो. बूटलोडरचं कुलूप उघडं ठेवलं तर बँकेची ॲप्स चालायला नकार देऊ शकतात. रोजच्या वापराच्या एकुलत्या फोनवर हा मार्ग मी कुणालाच सुचवत नाही. बाकी सगळं करून झालंय, फोन एरवी टाकूनच द्यावा लागेल, तेव्हाच याच्याकडे वळा आणि फाइल कंपनीच्याच अधिकृत ठिकाणची घ्या. बीटाचं, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या आवृत्तीचंही तेच, दुसरा फोन असेल तरच.

कुणी काय निवडावं

फोनकडे फारसं लक्ष न देणाऱ्यांसाठी आपोआप, तेही पूर्ण. आईबाबांच्या फोनवर मी दोन्ही बटणं चालू ठेवलीत आणि बॅकअपही आपोआप ठेवलाय. त्यांना एखादं अपडेट त्रास देईल ही शक्यता मला अपडेट न झालेल्या फोनपेक्षा कमी भीतीची वाटते. कामाचा सगळा डोलारा फोनवर असेल तर हाताने, शुक्रवारी संध्याकाळी वगैरे, म्हणजे बिघडलं तर निस्तरायला वेळ मिळतो. साठवण कमी असलेल्यांनी एक चांगली केबल घरात ठेवावी. सैल केबलने मध्येच संपर्क तुटणं हे संगणकाच्या मार्गावरचं सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे.

नवा फोन घ्यायच्या बेतात असाल तर किती वर्षं अपडेट मिळणार हे कॅमेऱ्याच्याही आधी विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासून गूगल आणि सॅमसंग त्यांच्या वरच्या श्रेणीला सात वर्षं देतात. आणि हातातल्या फोनची सुरक्षा तारीख दोन वर्षं जुनी असेल, तर त्याच्यासाठी या चारांपैकी कुठलाच मार्ग उरलेला नाही. तो फोन गाणी ऐकायला, घड्याळ म्हणून, मुलांना गोष्टी लावून द्यायला ठेवा. बँकेचं ॲप आणि मुख्य ईमेल त्यावरून आजच काढा.